निरीक्षण ते नोंद : खाडीकाठची पाणथळे आणि नागरिक विज्ञानाची भाषा

अर्ज, इतिवृत्त व अहवाल यांच्या भाषेनंतर आता आपण निरीक्षणाच्या नोंदीकडे वळू. शास्त्रीय संशोधनासाठी लागणारी माहिती गोळा करण्यात सामान्य नागरिक स्वेच्छेने सहभागी होतात, तेव्हा त्या कार्यपद्धतीस 'नागरिक विज्ञान' असे म्हणतात. या कामात दुर्बिणीइतकेच महत्त्व भाषेला असते. म्हणून हा विषय भाषेच्या विद्यार्थ्याचाही आहे.

उदाहरण परिसरातीलच घेऊ. पनवेलजवळचे शिरढोण हे वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मगाव. तेथून मुंबई-गोवा महामार्गाने पुढे गेल्यावर कर्नाळा पक्षी अभयारण्य लागते, तर पश्चिमेस उरणच्या बाजूला खाड्या, खाजणे आणि मिठागरे पसरलेली आहेत. कर्नाळ्याच्या जंगलाला अभयारण्याचे संरक्षण आहे. खाडीकाठच्या पुष्कळशा पाणथळांना असे संरक्षण नाही. उरण तालुक्यातील पाणजे येथील जागा पाणथळ मानावी की नाही, हाच वर्षानुवर्षे वादाचा विषय झाला. अशा वेळी तेथे कोणते पक्षी, किती, केव्हा आणि किती वर्षे सातत्याने आले, हे सांगणारी नोंद निर्णायक ठरू शकते.

ही नोंद पुष्कळदा स्वयंसेवकांजवळ असते. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते आणि तिचा मोठा भार हौशी निरीक्षक उचलतात. भारतात या कामाशी १८८३ साली स्थापन झालेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी निगडित आहे. या मोजणीचे मोल रामसर कराराच्या निकषांवरून कळते. एखाद्या पाणथळावर नियमितपणे २०,००० किंवा अधिक पाणपक्षी येत असतील, अथवा एखाद्या पक्षिसमूहाच्या एकूण संख्येपैकी एक टक्का पक्षी तेथे असतील, तर ते स्थळ आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे ठरू शकते. निकषातील 'नियमितपणे' हा शब्द लक्षात घ्या. एका वर्षीच्या मोजणीने तो सिद्ध होत नाही. रोहित पक्ष्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या ठाणे खाडीला २०१५ मध्ये अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.

आता नोंदीच्या भाषेकडे येऊ. "खाडीवर असंख्य पक्षी होते" हे वाक्य ललित लेखात खपून जाईल, गणनेत त्याची किंमत शून्य. तारीख, वेळ, ठिकाण, निरीक्षकांची संख्या, निरीक्षणाचा अवधी आणि भरती-ओहोटीची स्थिती यांवाचून आकडाही मुका राहतो. ओहोटीला पक्षी उघड्या पडलेल्या चिखलावर विखुरून चरतात. भरतीत चिखल बुडाला की ते उंचवट्यांवर आणि आतल्या पाणथळांत एकत्र येतात. त्याच जागेवर त्याच दिवशी, पण दोन वेळांना मोजले तर दोन अगदी वेगळे आकडे मिळतील आणि दोन्ही खरे असतील. म्हणून 'उधाण' आणि 'भांग' हे शब्द नोंदीत यायला हवेत. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, हा हिशेब खाडीवरच्या कोळ्याला तिथीवरून कळतो. शहरातून आलेल्या स्वयंसेवकाने तो त्याला विचारून घ्यावा, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

मराठी क्रियापदे येथे फार उपयोगी पडतात. 'शेकाट्या दिसला', 'शेकाट्या असावा' आणि 'येथे शेकाट्या असतो' ही तीन वाक्ये तीन प्रकारचे ज्ञान सांगतात : पहिले प्रत्यक्ष पाहिलेले, दुसरे तर्काने जाणलेले, तिसरे नेहमीच्या अनुभवातून आलेले. तिसरे वाक्य गावकऱ्याच्या तोंडी मौल्यवान असते, पण ते त्या दिवशीच्या गणनेत घालता येत नाही. त्याची नोंद वेगळ्या रकान्यात, सांगणाऱ्याच्या संमतीने करावी. तसेच 'दिसला नाही' हीदेखील नोंदच आहे. रिकामा रकाना आणि शून्य यांत फरक आहे : शून्य म्हणजे शोधले, पण आढळले नाही. रिकाम्या रकान्यावरून शोधले की नाही, तेच कळत नाही. लहान तुतारी पक्ष्यांच्या जाती नवख्याला ओळखता येत नाहीत. त्याने अंदाजाने नाव ठोकून देण्यापेक्षा 'तुतारी, जात अनिश्चित' असे लिहिणे अधिक शास्त्रीय होय.

नावांचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. 'बगळा' या एका शब्दात अनेक जाती सामावतात. 'कांदळ' हे एका विशिष्ट वृक्षाचे नाव. शासकीय मराठीत मात्र 'कांदळवन' म्हटले की त्यात तिवर, चिपी असे इतर वृक्षही येतात. मग "कांदळ तोडले" या तक्रारीतून नेमके काय समजावे? अशा ठिकाणी स्थानिक नाव जसेच्या तसे लिहून पुढे शास्त्रीय नाव द्यावे. स्थानिक नाव गाळले तर सांगणाऱ्याचे ज्ञान हरवते आणि शास्त्रीय नाव गाळले तर ते दुसऱ्या किनाऱ्यावरच्या संशोधकापर्यंत पोहोचत नाही.

शब्दांचे वजन कायद्यातही दिसते. २०१७ च्या पाणथळविषयक केंद्रीय नियमांनी मीठ-उत्पादनासाठी आणि मत्स्यशेतीसाठी खास बांधलेल्या जागा तसेच भातखाचरे 'पाणथळ' या व्याख्येतून वगळली आहेत. पक्ष्यांना ही व्याख्या ठाऊक नाही. ते मिठागरातही उतरतात. त्यामुळे नोंदीत केवळ 'पाणथळ' न लिहिता 'वापरातले मिठागर', 'पडीक मिठागर', 'खाजण', 'भातखाचर' असे नेमके लिहावे. वाद उद्भवला तर त्याच शब्दाची प्रथम छाननी होते.

कृती
१. जवळच्या खाडीकाठी, तळ्यावर किंवा ओढ्यावर पंधरा मिनिटे थांबून नोंद करा. 'दिसले', 'असावे' व 'असते' यांसाठी स्वतंत्र रकाने ठेवा.
२. आपल्या गावात भरती-ओहोटी, चिखल व पाणवनस्पती यांसाठी वापरले जाणारे दहा शब्द मिळवा आणि ते कोणाकडून मिळाले, हे त्या व्यक्तीच्या संमतीने लिहा. गाव समुद्रापासून दूर असल्यास नदी-तळ्याशी संबंधित शब्द घ्या.
३. "काल तळ्यावर बरेच बगळे होते" या वाक्याचे गणनेसाठी योग्य अशा नोंदीत रूपांतर करा. त्यासाठी कोणती माहिती कमी पडते, ते सांगा.