बोटीचा फलाट



आपले खांडबारा सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावर आहे. आगगाडीत चढायला फलाट लागतो हे आपल्याला माहीत आहे. तसाच बोटीत चढायलासुद्धा फलाट लागतो. त्याला धक्का म्हणतात. ‘वाहतुकीची साधने’ शिकवताना गुरुजींनी आम्हाला बोटींची माहिती जमवायला सांगितली. मी जमवलेली माहिती येथे लिहीत आहे.

बोटींचे प्रकार

१) होडी : ही वल्ह्यांनी चालते. थोड्या पाण्यातही जाते. चार-पाच माणसे व थोडे सामान मावते.

२) लाँच : हिला डिझेलचे इंजिन असते. ती पुष्कळ माणसे नेते. पण बैलगाडी किंवा मोटार हिच्यात चढवता येत नाही.

३) फेरीबोट : हिचा तळ सपाट व रुंद असतो. पुढची मोठी फळी खाली सोडली की ती काठावरच्या सिमेंटच्या उतारावर टेकते. मग माणसे, मोटारसायकली, टेम्पो सगळे सरळ आत जातात. कोकणात दाभोळ व धोपावे यांच्यामध्ये २००३ सालापासून अशी बोट चालते. तिकडचे लोक तिला जंगलजेटी म्हणतात.

४) रो-रो जहाज : हे फेरीबोटीचेच मोठे भावंड. भरलेला ट्रक चाकांवर आत चढतो आणि पलीकडे चाकांवरच उतरतो. पोती उतरवा, परत भरा, असा त्रास नाही. आपल्या जिल्ह्यात प्रकाशावरून वाहणारी तापी पुढे सुरतजवळ समुद्राला मिळते. तेथे हजिरा बंदर आहे. हजिरा ते घोघा हे रो-रो जहाज ८ नोव्हेंबर २०२० रोजी सुरू झाले. त्यात सुमारे ५०० माणसे आणि ३० ट्रक मावतात. रस्त्याने हे अंतर सुमारे ३७० किलोमीटर आहे, पाण्याने फक्त ९०.

धक्क्यावर काय काय लागते?

माणसांसाठी तिकीटघर, बसायला सावली, प्यायला पाणी, उतरायला पायऱ्या आणि धरायला कठडा लागतो. बोट बांधायला मजबूत खुंट लागतात. रात्री दिवा लागतो. मालासाठी गोदाम लागते. जड माल उचलायला यारी लागते, तिलाच क्रेन म्हणतात. गाळ साचला तर तो काढावा लागतो. नाही तर बोट काठापर्यंत येतच नाही.

मुंबईत लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य नावाचे गृहस्थ होते. त्यांना लोक भाऊ म्हणत. त्यांनी १८४१ साली धक्का बांधला. एवढी वर्षे झाली, तरी ‘भाऊचा धक्का’ हे नाव सगळ्यांच्या तोंडी आहे.

फलाट वर-खाली का व्हावा?

ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटली. आगगाडीचा डबा रोज एकाच उंचीवर थांबतो, म्हणून फलाट दगडी असला तरी चालतो. पण पाणी एका उंचीवर राहत नाही. समुद्राला भरती-ओहोटी असते. भरतीला बोट वर येते, ओहोटीला खाली जाते. धक्का मात्र जागेवरच. मग चढायचे कसे? यासाठी तरंगता धक्का करतात. हवाबंद पोकळ पेट्या पाण्यात सोडतात आणि त्यावर फलाट बसवतात. पाणी वाढले की फलाट वर येतो, ओसरले की खाली जातो. काठापासून फलाटापर्यंत बिजागरीचा पूल असतो. म्हणजे बोट आणि फलाट नेहमी बरोबरीने राहतात.

आपल्या नंदुरबार जिल्ह्यात समुद्र नाही, पण नर्मदा आहे. सरदार सरोवर धरणाचे पाणी अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांपर्यंत पसरले आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये ते पहिल्यांदा १३८.६८ मीटरपर्यंत पूर्ण भरले. उन्हाळ्यात हेच पाणी पुष्कळ मीटर खाली जाते. नर्मदाकाठच्या कितीतरी पाड्यांना होडी हाच रस्ता आहे.

माझी आत्या तिकडे दिलेली आहे. ती सांगते, “पावसाळ्यात होडी घराजवळ लागते. उन्हाळ्यात मात्र डोंगर उतरून, गाळ तुडवून पाण्यापर्यंत जावं लागतं.” रेशनचे पोते डोक्यावर आणतात. आजारी माणसाला बांबूच्या झोळीतून खाली नेतात. पाय घसरला तर झोळीसकट सगळे पडतात.

चिमलखेडीच्या अंगणवाडीताई रेलू वसावे यांचे नाव पुष्कळांनी ऐकले असेल. २०२० साली करोनाच्या भीतीने बाया आणि बाळे अंगणवाडीत येईनाशी झाली. तेव्हा ताई होडी वल्हवत सुमारे १८ किलोमीटर जात. बाळांचे वजन करत, खाऊ देत. त्यांचे हात किती दुखले असतील!

जानेवारी २०१९ मध्ये संक्रांतीच्या दिवशी धडगाव तालुक्यात नर्मदेत एक बोट उलटली. बोटीत खूप माणसे बसली होती. आपल्याएवढी मुलेसुद्धा बुडून गेली. गुरुजींनी सांगितले की इंग्लंडमध्ये सॅम्युएल प्लिमसॉल यांच्या खटपटीने १८७६ साली कायदा झाला. तेव्हापासून जहाजाच्या बाहेरच्या अंगाला रेघ काढतात. पाणी रेघेला लागले की वजन पुरे झाले. मग एक माणूसही जास्त घ्यायचा नाही.

मला वाटते की नर्मदाकाठी तीन गोष्टी पाहिजेत. पहिली, तरंगता धक्का. दुसरी, प्रत्येकाला तरंगणारे जाकीट. तिसरी, प्रत्येक बोटीवर वजनाची रेघ. पहिल्या दोन गोष्टींना पैसे लागतील, त्यासाठी मोठ्या माणसांनी अर्ज करावा. रेघेला मात्र रंगाचा एक डबा पुरतो. ती बोट बांधणाऱ्या मिस्त्रीला विचारूनच काढावी.

पालकहो, आपले कोणी नातेवाईक नर्मदाकाठी असतील तर त्यांना रेघेची गोष्ट जरूर सांगा. मी आत्याला सांगितली आहे.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी, खांडबारा