गुंज जिवंत असते का, सांग बरं

तुझ्या वहीच्या पानाचा फोटो बघितला गं. वर लाल शाईनं ‘सजीवांची लक्षणे’ आणि खाली ओळीनं हालचाल, पोषण, श्वसन, वाढ, उत्सर्जन, प्रतिसाद, प्रजनन. प्रत्येकाचं पहिलं अक्षर घेऊन एक वाक्य जुळव, म्हणजे विसरणार नाहीस, असं तुला खोलीतल्या मुलींनी सांगितलंय. लातूरला ‘नीट’च्या तयारीला बसलेल्या पोरीकडे वेळ किती कमी असतो ते मला कळतं. तरी मोठी बहीण म्हणून हक्कानं सांगते, ही यादी अशी गिळू नकोस. जीवशास्त्राचा हा पहिलाच धडा कच्चा राहिला, तर पुढचे सगळे धडे म्हणजे नुसते नावांचे ढीग वाटायला लागतील.

मी राहते त्या कर्नाटकातल्या सोसल्याचं नाव माध्व मंडळींना ठाऊक असतं ते इथल्या व्यासराज मठामुळे. व्यासतीर्थ, म्हणजेच व्यासराज, विजयनगरच्या काळातले, १४६० ते १५३९. पुरंदरदासांचे गुरू. त्यांचा ‘तर्कतांडव’ हा ग्रंथ सगळा वादविद्येचा. तो वाचून समजण्याइतकं माझं संस्कृत नाही, पण आपल्याकडच्या तर्कशास्त्रात कुठलंही लक्षण पारखून घ्यायची जी रीत आहे, ती शिकायला ग्रंथ लागत नाही. लक्षणात तीन दोष असू शकतात. गाय म्हणजे तांबडी असते ती, असं म्हटलं तर पांढऱ्या गायी बाहेर राहिल्या, ही अव्याप्ती. गाय म्हणजे शिंगं असलेली, असं म्हटलं तर म्हैसही आत आली, ही अतिव्याप्ती. आणि गाय म्हणजे घोड्यासारखा अखंड खूर असलेली, असं म्हटलं तर एकही गाय सापडायची नाही, तो असंभव. बस, एवढंच. आता तुझ्या यादीतल्या एकेका लक्षणाला धर आणि विचार, यातून कोण सुटलं? आणि नको ते कोण आत शिरलं?

वाढ घे. आमच्याकडून तलकाडू जवळच आहे. तिथे कावेरीकाठी वाळूच्या टेकड्या आहेत, देवळंच्या देवळं वाळूखाली गेलेली, उकरून काढलेली. राणी अलमेलम्माचा शाप म्हणून लोक ती गोष्ट सांगतात. वाळूची टेकडी वाढते, यात शंका नाही. खडीसाखरेचा खडा पाकात दोऱ्याला लटकवला की तोही वाढतो. म्हणजे नुसती वाढ हे लक्षण धरलं तर अतिव्याप्ती झाली. मग आपल्या वाढीत वेगळं काय? टेकडीवर वाऱ्यानं वाळू आणून टाकली, ती वाळूच राहिली. याउलट रेशमाची अळी बघ. आमच्या ओळखीच्या एका घरी तुती आहे, तिथे मी वरचेवर जाते. अंड्यातून निघाली की अळी मुंगीएवढी, काळसर. चार वेळा कात टाकते आणि साधारण पंचवीस दिवसांत तिचं वजन दहा हजार पटींच्या घरात जातं. खाते काय, तर फक्त तुतीचा पाला. पण तिच्या अंगात पाला कुठे दिसत नाही. तो पाला मोडून, त्याचे तुकडे नव्यानं जुळवून तिनं स्वतःचं अंग केलं आणि वर रेशीमही केलं. वाढ आतून झाली. ‘आतून’ हा शब्द जोडलास की लक्षण नीट बसायला लागतं.

हे मोडणं आणि जुळवणं अखंड चालू असतं, त्यालाच तुझ्या पुस्तकात चयापचय म्हटलंय. त्या शब्दाखाली दोन रेघा मार. यादीतले पोषण, श्वसन, उत्सर्जन हे तिन्ही त्याच्याच पोटात येतात. माल आत येणं, त्यातून शक्ती काढणं, उरलेलं बाहेर टाकणं. सात वेगवेगळ्या गोष्टी पाठ करायच्या म्हणून तू घाबरलीस ना, त्यातल्या तीन इथेच एक झाल्या.

पण पोषणालाही अपवाद आहे. कोषातून बाहेर पडलेला रेशमाचा पतंग काहीच खात नाही. त्याची तोंडाची रचनाच खाण्याजोगी नसते. अळी असताना साठवलं तेवढ्यावर तो चार-सहा दिवस जगतो, मादी चारशे-पाचशे अंडी घालते आणि संपतं. म्हणून काय तो निर्जीव ठरला? त्याला पंख आहेत, पण हजारो वर्षं माणसानं पाळल्यामुळे उडताही येत नाही. मादी तर बहुतेक एका जागी बसून असते. तिच्या पोटाच्या टोकाशी एक ग्रंथी आहे, तिचा गंध हवेत पसरला की पलीकडचा नर पंख फडफडवत फिरायला लागतो. हा गंध कशाचा, हे जर्मनीतल्या आडोल्फ बुटेनांट यांनी १९५९ साली शोधून काढलं. त्यासाठी सुमारे पाच लाख माद्या लागल्या. प्रतिसाद हा शब्द तू लाजाळूच्या पानापाशी शिकलीस, पण मला तो खरा पटला तो त्या फडफडणाऱ्या नराकडे बघून.

आता गुंजेकडे ये. नरसीपूरला कावेरी आणि कपिला यांच्या संगमावर गुंजा नरसिंहाचं देऊळ आहे. देवाच्या बोटांत गुंज धरलेली आहे, आणि हे क्षेत्र काशीपेक्षा गुंजभर जास्त पुण्याचं, असं इथले लोक मोठ्या प्रेमानं सांगतात. आपल्या आजीच्या तोंडीही गुंज होतीच की; आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. सोनारानं वजनाला बी का निवडलं असेल? गुंजेचं कवच इतकं घट्ट की आत पाणी शिरत नाही आणि आतलं बाहेर पडत नाही. त्यामुळे पावसाळा असो, उन्हाळा असो, वजन तेच. वर्षानुवर्षं तराजूत पडलेला तो लाल-काळा मणी. हालत नाही, खात नाही, वाढत नाही. यादी लावलीस तर प्रत्येक रकान्यात फुली. आणि तरी त्याच्या आत एक रोप झोपलेलं असतं. कवच जरा घासून, पाणी आत जाईल असं केलं आणि ओल्या मातीत टाकलं, की वेल उगवते. इस्राएलमध्ये मसादाच्या किल्ल्यात सापडलेली सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची खजुराची बी २००५ साली अशीच उगवली. म्हणजे आत काहीतरी अगदी मंद गतीनं टिकून होतं.

(जाता जाता सांगते, गुंज तोंडात घालू नकोस आणि लहान मुलांच्या हाती देऊ नकोस. चावली गेली तर जिवावर बेततं, इतकं जहाल विष आहे तिच्यात.)

या गुंजेशेजारी रेशमाचा कोष ठेव. दिसायला दोन्ही तितकेच निपचित. पण कोषाचं वजन रोज घटतं. आतला कोशित श्वास घेतोय, त्याच्या अंगात उलथापालथ चाललीय, अळीचं बरंचसं शरीर मोडून पतंगाचं शरीर बनतंय, आणि त्या कामाला जे जळतं ते वजनातून जातं. म्हणून तर चंद्रिकेवरून, म्हणजे अळ्या कोष विणतात त्या चौकटीवरून, कोष उतरवले की शेतकऱ्याची घाई सुरू होते. आपल्या बीड-जालन्याकडचे शेतकरी कोषांची पोती घेऊन रात्रभर प्रवास करत रामनगरच्या बाजारात यायचे, तेव्हा वाटेत त्यांच्या मालाचं वजन त्या श्वासानं कमी होत असे. कोष विकला जातो किलोवर. श्वसन हा शब्द तुझ्या वहीत आहे, इथे तो हिशेबाच्या पावतीत आहे. शेवटी गरम हवेनं किंवा वाफेनं आतला जीव मारतात, मगच सलग धागा निघतो. नरसीपूरला रेशीम महामंडळाचा धागा काढायचा कारखाना आहे, आणि म्हैसूर सिल्कची साडी बघताना मला हे सगळं आठवतं. वाईट वाटतं. ते लपवून तुला जीवशास्त्र सांगितलं, तर ते खोटं होईल.

तुझ्या यादीत पेशी नाही. तिच्याविषयी तुला पुष्कळ शिकवतील, मी लांबवत नाही. रॉबर्ट हूकनं १६६५ साली बुचाच्या चकतीत पाहिल्या त्या मेलेल्या पेशींच्या रिकाम्या भिंती होत्या. श्लायडेन आणि श्वान यांनी १८३८-३९ साली वनस्पती आणि प्राणी दोन्ही पेशींचे, असं मांडलं. पेशी पेशीपासूनच होते, हे १८५५ साली फिर्खोनं ठासून सांगितलं. या शेवटच्या वाक्यावर मात्र एक रात्र तरी विचार कर. तुझ्या अंगातली प्रत्येक पेशी मागे मागे नेलीस तर साखळी कुठेच तुटत नाही.

आणि प्रजनन. इथे मला तुझ्याशी जरा मनातलं बोलायचंय.

लग्नाला इतकी वर्षं झाली, आम्हाला मूल नाही. तुला घरात कुणी उघड सांगितलं नसेल, पण तू मोठी झालीयस, तुला कळत असणारच. इथेही आणि आपल्याकडेही ओटी भरताना कुणाकुणाचा हात माझ्यापाशी येऊन आखडतो. एका समारंभात एक बाई सहज बोलून गेली, ‘मूल नाही म्हणजे जन्माला येऊन काय केलं?’ मी त्या रात्री झोपले नाही. आणि गंमत नाही सांगत, मला आधार मिळाला तो या यादीतून.

खेचर बघ. घोडीला गाढवापासून झालेलं पिल्लू. घोड्याची गुणसूत्रं ६४, गाढवाची ६२, खेचराची ६३. त्यांच्या जोड्या नीट लागत नाहीत, म्हणून त्याला पिल्लं होत नाहीत. पण ओझी वाहतं, डोंगर चढतं, आजारी पडतं, बरं होतं. कामकरी मधमाशी बघ. ती पोळ्याला राणीसारखी पिलावळ देत नाही, पण पोळं उभं आहे ते तिच्या पंखांवर. ही दोघं निर्जीव आहेत असं कुठला परीक्षक लिहील? प्रजनन हे लक्षण एकेका जिवाला लावलं की अव्याप्ती होते. अन्न नसेल, श्वास नसेल तर जीव जात नाही का? जातो. प्रजनन नसेल तर एकट्याचा जीव जात नाही. ते लागतं जातीला, पुढच्या पिढ्यांना. माझ्या जगण्याच्या पुरेपणाशी त्याचा संबंध जोडणारी बाई जीवशास्त्रानुसारही चूक होती.

निसर्गात असं आहे म्हणून माणसानं तसं वागावं, असं मी म्हणत नाही हं. निसर्गात काय काय चालतं, त्यातून रीतभात काढायला गेलीस तर घोटाळा होईल. पण कुणी निसर्गाचं नाव घेऊन तुला कमी लेखायला आलं, तर निसर्ग खरंच तसं म्हणतो का, एवढं विचारायची ताकद हा विषय देतो. आणि मला फोन करत जा, रात्री कितीही वाजता.

एक कोडं उरलं. अळ्यांना ग्रासरी नावाचा रोग होतो. अंग फुगतं, कातडी फुटून दुधासारखा द्राव गळतो, आणि मेहनतीची बॅच हातची जाते. हे करणारा विषाणू प्रथिनाच्या चिमुकल्या स्फटिकांत बंद होऊन मातीत, संगोपनगृहाच्या फटीत दीर्घकाळ पडून राहतो. तेव्हा तो खात नाही, श्वास घेत नाही, काहीच करत नाही. पाल्याबरोबर अळीच्या पोटात गेला की तिथल्या अल्कधर्मी रसात स्फटिक विरघळतो आणि विषाणू तिच्या पेशींनाच कामाला लावून स्वतःच्या लाखो प्रती काढतो. अमेरिकेत वेंडेल स्टॅन्लीनं १९३५ साली तंबाखूच्या पानावरच्या एका विषाणूचे मिठासारखे स्फटिक करून बाटलीत ठेवले, तेव्हा शास्त्रज्ञही चक्रावले होते. गुंजेच्या आत पेशी आहेत, स्वतःचा चयापचय आहे, मंद का असेना. विषाणूकडे दोन्ही नाही. म्हणून मी त्याला सजीवांच्या पंगतीत बसवत नाही. पण असं न मानणारी जाणती माणसं आहेत, आणि त्यांचं म्हणणं खोडायला माझ्याकडे पुरता पुरावा नाही. नासानं १९९४ साली ठरवलेली जीवनाची व्याख्याही बघ: स्वतःला टिकवणारी, डार्विनच्या अर्थानं उत्क्रांत होऊ शकणारी रासायनिक व्यवस्था. छान आहे. पण उत्क्रांती एकट्यादुकट्याची होत नाही, त्यामुळे आपलं एकटं खेचर पुन्हा दाराबाहेर!

परीक्षेत पुस्तकात आहे तेच लिही, त्यात मला वाद नको. तुझे गुण जायला नकोत. वहीत मात्र प्रत्येक लक्षणापुढे दोन रकाने आख, सुटलं कोण आणि घुसलं कोण. आठवड्याभरात यादी आपोआप डोक्यात बसेल.

आणि एवढं कर. मेसच्या काकूंकडून मूठभर मोड आलेली मटकी माग आणि तितकीच उकडून गार केलेली. दोन थर्मासमध्ये घाल, तोंडाला कापसाचा बोळा लाव, बोळ्यातून थर्मामीटर आत सोड. मोडाच्या मटकीचा पारा चढेल, ते श्वसन. उकडलेलीचा खोलीइतकाच राहील. पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्या उकडलेल्या मटकीचाही पारा चढायला लागला आणि वास आला, तर लगेच फेकून देऊ नकोस. आधी पारा किती चढला ते लिही, आणि ती मेलेली मटकी गरम कुणी केली, ते मला फोनवर सांग.