छाटणीच्या चाकूसाठी चामडी म्यान : हातशिलाईचा पहिला धडा

धारदार हत्यार हा शेतकऱ्याचा उजवा हात होय. परंतु तेच उघडे कमरेला खोचले असता बांध ओलांडताना वा झाडावरून उतरताना घात करते. म्यानामुळे हा धोका टळतो व धारही टिकते. सरळ पात्याच्या चाकूचे म्यान सवडीच्या दिवसांत घरी शिवता येते.

साहित्य : झाडाच्या सालीने कमावलेले सुमारे ३ मि.मी. जाडीचे चामडे, रापी, आरी, बोथट टोकाच्या दोन सुया, जाड मजबूत दोरा, मेण व चामडे चिकटविण्याचे सोल्यूशन. क्रोमने कमावलेले मऊ चामडे आकार धरीत नाही. ते घेऊ नये.

कापणी : जाड कागद पात्याच्या पाठीवरून दुमडून नमुना आखावा. धारेच्या बाजूस शिलाईसाठी १५ मि.मी. जागा राखावी. त्याप्रमाणे चामडे कापावे.

मधली पट्टी : धारेच्या बाजूस दोन पदरांमध्ये त्याच चामड्याची १० मि.मी. रुंद पट्टी चिकटवावी. नवशिक्याच्या हातून नेमकी हीच गोष्ट राहते. प्रस्तुत लेखकाने आपल्या पहिल्या म्यानात ही पट्टी घातली नव्हती. थोड्याच दिवसांत धारेने टाके कापले, पाते शिवणीतून बाहेर आले आणि हात थोडक्यात बचावला. पट्टी असली म्हणजे धार चामड्यावर टेकते. दोऱ्यापर्यंत पोहोचत नाही.

शिलाई : कडेपासून ४ मि.मी. अंतरावर रेषा आखून तिच्यावर दर ५ मि.मी.ला आरीने सरळ छिद्र पाडावे. चामड्याखाली लाकडाचा तुकडा ठेवावा, हात ठेवू नये. शिवणीच्या कित्येक पट लांबीचा दोरा घेऊन त्यास मेण लावावे व दोन्ही टोकांस सुया ओवाव्यात. पहिल्या छिद्रातून दोरा ओढून दोन्ही बाजू समान कराव्यात. पुढे प्रत्येक छिद्रातून आधी एक सुई व नंतर विरुद्ध बाजूने दुसरी सुई घालावी. हा क्रम बदलू नये, तसेच सुईने आधीचा दोरा टोचू नये. दोन्ही टोके सारख्या जोराने ओढावीत. शेवटी तीन छिद्रे उलट शिवून दोरा कापावा. या पद्धतीत एका बाजूचा टाका झिजून तुटला, तरी दुसऱ्या बाजूचा दोरा शिवण धरून ठेवतो.

निगा : म्यान किंचित ओले करून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला चाकू आत घालून आकार द्यावा. नंतर चाकू काढून म्यान सावलीत वाळवावे. कडक उन्हात चामडे आखडते. ओला चाकू म्यानात ठेवू नये. पावसाळ्यात चाकू तेल लावून निराळा ठेवावा, कारण चामडे ओल धरते व पाते गंजते.

आरी धरण्याची रीत गावातील अनुभवी चर्मकाराकडून प्रत्यक्ष पाहून घ्यावी. पहिले टाके वाकडे पडले तरी चिंता नसावी. मधली पट्टी मात्र विसरू नये.