दम्याचे मोजमाप : पाच प्रश्नांची कसोटी

गिरणाकाठच्या भडगाव तालुक्यात कापसाची वेचणी आणि धान्याची मळणी सुरू झाली की हवेत धूळ वाढते व दमेकऱ्यांना ती बाधू शकते. परंतु ‘प्रकृती कशी आहे?’ असे विचारल्यास ‘बरी आहे’ हेच उत्तर बहुधा मिळते. ते खोटे असते असे नाही. ज्या स्त्रीने पाण्याचा हंडा उचलणेच सोडून दिले, तिला धाप कमी लागणारच. अशा उत्तरावर विसंबून औषधयोजना ठरविणे धोक्याचे होय.

या अडचणीतून मार्ग काढणारी ‘अस्थमा कंट्रोल टेस्ट’ ही प्रश्नावली अमेरिकेत तयार झाली व २००४ साली प्रसिद्ध झाली. गेल्या चार आठवड्यांत दम्यामुळे कामात किती वेळा अडथळा आला, धाप किती वेळा लागली, रात्री वा पहाटे किती वेळा जाग आली, तात्काळ आराम देणारा फवारा किती वेळा घ्यावा लागला आणि रुग्णाच्या स्वतःच्या मते दमा कितपत आटोक्यात आहे, असे हे पाच प्रश्न. प्रत्येकास १ ते ५ गुण. एकूण २५ पैकी २० किंवा अधिक गुण मिळाल्यास दमा आटोक्यात आहे असे समजतात. १५ किंवा त्याहून कमी गुण ही गंभीर बाब होय. येथे गुण जितके अधिक तितकी प्रकृती चांगली, हे रुग्णास आधी सांगावे.

निरक्षर रुग्णास प्रश्न वाचून दाखवावे लागतात. अहिराणीत समजावून देण्यास हरकत नाही, पण उत्तर सुचवू नये. ‘चार आठवडे’ म्हणजे मागचे चार आठवडी बाजार, असे सांगितल्यास आठवण नेमकी होते. पूर्वीपेक्षा तीन गुणांची घट झाल्यास दुर्लक्ष करू नये. अशा वेळी फवारा नियमित व योग्य रीतीने घेतला जातो काय, घरात चुलीचा धूर आहे काय, हे प्रथम पाहावे. पुष्कळदा दोष औषधात नसून ते घेण्याच्या पद्धतीत असतो.

या प्रश्नावलीने रोगाचे निदान होत नाही. क्षयरोग व हृदयविकार यांतही धाप लागते. ते काम डॉक्टरांचेच. तसेच ज्या रुग्णास एक वाक्य सलग बोलवत नाही, त्याला प्रश्न विचारीत न बसता तात्काळ रुग्णालयात न्यावे.

४ ते ११ वर्षे वयाच्या मुलांकरिता सात प्रश्नांची निराळी प्रश्नावली असून त्यांतील चार प्रश्नांची उत्तरे मुलाने स्वतः व तीन पालकांनी द्यावयाची असतात. खेळाच्या तासाला कडेला बसून राहणाऱ्या मुलाच्या पालकांना शिक्षकांनी तिची माहिती अवश्य द्यावी.