अर्धशिशी आणि रक्तातले मॅग्नेशियम

परवा तास संपल्यावर एक विद्यार्थिनी मागे थांबली. तिच्या आईला अर्धशिशीचा त्रास आहे. महिन्यातून तीन-चार वेळा अर्धे डोके ठणकते, मळमळते, उजेड सोसत नाही; खिडक्या लावून पडून राहावे लागते. अंगात मॅग्नेशियम कमी पडले की अर्धशिशी होते, असे कोणीतरी सांगितले म्हणून रक्त तपासले. प्रमाण निघाले १०० मिलिलिटरला २ मिलिग्रॅम, म्हणजे अगदी योग्य. झाले! घरची मंडळी म्हणू लागली, "रक्तात दोष नाही, मग दुखणे कसले?" मुलीने मला विचारले, "सर, आई उगीच का सांगेल?"

मी पदार्थविज्ञान शिकवतो. वैद्यकात मला अधिकार नाही. पण या प्रश्नातला बराच भाग मोजमापाचा आहे आणि मोजमाप हा आमचा प्रांत.

प्रथम एक साधे गणित करू. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे २५ ग्रॅम मॅग्नेशियम असते. रक्तातला पातळ भाग, म्हणजे रक्तद्रव, सुमारे ३ लिटर धरा. वरच्या प्रमाणाने त्यात मॅग्नेशियम किती? अवघे ६० मिलिग्रॅम! म्हणजे एकूण साठ्याच्या हजारात दोन-अडीच भाग. उरलेल्यापैकी निम्म्याहून अधिक हाडांत आणि बाकीचे बहुतेक स्नायूंच्या व इतर अवयवांच्या पेशींत असते. शिवाय रक्तातले प्रमाण ढळू नये म्हणून मूत्रपिंडे दक्ष असतात. पुरवठा कमी झाला की ती लघवीवाटे जाणारे मॅग्नेशियम अडवतात. हाडांतूनही थोडे रक्तात येते.

वाड्याच्या गच्चीवरची टाकी विहिरीच्या पंपाने भरत असते. टाकी कोरडी पडली तर विहीर आटली असावी, ही शंका रास्त आहे. पण टाकी भरलेली आहे एवढ्यावरून विहिरीत पाणी किती, हे कसे सांगणार? रक्ताचा अहवाल ही टाकी समजा.

मग मॅग्नेशियमवर संशय तरी का? येथे थोडे मागे जायला हवे. काही रुग्णांना डोके दुखण्यापूर्वी डोळ्यांपुढे चमकणारी नागमोडी रेघ दिसते आणि ती हळूहळू कडेकडे सरकते. कार्ल लॅशली या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांना स्वतःलाच हा अनुभव येई. रेघ कोठून कोठवर गेली आणि किती वेळात, हे त्यांनी टिपून ठेवले व १९४१ साली हिशेब मांडला : मेंदूच्या पृष्ठभागावरून काहीतरी मिनिटाला सुमारे ३ मिलिमीटर या वेगाने सरकत असले पाहिजे. ना यंत्र, ना शस्त्रक्रिया. घड्याळ, कागद आणि स्वतःचेच दुखणे! पुढे १९४४ साली ब्राझीलच्या आरिस्तिदेस लेआओ यांना सशाच्या मेंदूवर जवळपास याच वेगाने पसरणारी एक लाट आढळली. ती जाते तेथल्या मज्जापेशी क्षणभर उत्तेजित होतात, मग काही मिनिटे गप्प बसतात, आणि पेशींतले पोटॅशियम भराभर बाहेर पडते.

या लाटेला आवर घालणाऱ्यांत मॅग्नेशियम येते. मज्जापेशीच्या पटलात आयनांना ये-जा करण्यासाठी सूक्ष्म दारे असतात. त्यांतल्या एका प्रकारच्या दारात मॅग्नेशियमचा आयन बुचासारखा बसतो, असे १९८४ साली फ्रान्स व अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवले. त्याला तेथे कोण बसवते? विद्युतक्षेत्र! विश्रांतीच्या वेळी पेशीची आतली बाजू बाहेरच्यापेक्षा सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असते आणि पटलाची जाडी जेमतेम ७ नॅनोमीटर. भागाकार करून पाहा. मीटरला एक कोटी व्होल्ट! दोन धनभारांचा आयन आत ओढला जातो आणि अरुंद जागी अडकतो. बाहेर मॅग्नेशियम कमी असले की बुचे कमी पडतात, पेशी लवकर बिथरतात. प्रयोगशाळेत मेंदूच्या कापांभोवतीचे मॅग्नेशियम कमी केले की लेआओंची लाट सहज उठते.

पण हे मॅग्नेशियम मेंदूतल्या द्रवाचे, रक्ताचे नव्हे. मेंदू व रक्त यांच्यामध्ये स्वतंत्र अडसर आहे. १९८९ साली अमेरिकेत फॉस्फरसच्या अणुकेंद्रकांचे चुंबकीय अनुस्पंदन वापरून, डोके न उघडता, मेंदूतल्या मॅग्नेशियमचा अंदाज घेतला गेला. झटका चालू असलेल्या रुग्णांत तो कमी भरला. रक्ताच्या काही तपासण्यांतही रुग्णांची सरासरी कमी आली. परंतु रुग्ण व निरोगी यांचे आकडे एकमेकांत इतके मिसळलेले असतात, की एका माणसाच्या आकड्यावरून निवाडा करता येत नाही.

औषध म्हणून काय? १९९६ साली जर्मनीतल्या ८१ रुग्णांवरील चाचणीत रोज ६०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम घेणाऱ्यांचे झटके सुमारे ४२ टक्क्यांनी घटले. खोटी गोळी घेणाऱ्यांचे १६ टक्क्यांनी. त्याच वर्षी ६९ रुग्णांवरील दुसऱ्या चाचणीत मात्र खऱ्या व खोट्या गोळीत फरकच दिसला नाही. मॅग्नेशियमचे संयुग व मात्रा दोन्हीकडे वेगळी होती. कोडे पुरते सुटलेले नाही.

मुलीला मी हे गणित फळ्यावर मांडून दाखवले. आपल्याच मनाने गोळ्या आणू नका, असेही सांगितले. मूत्रपिंडे अधू असतील तर मॅग्नेशियम साचून अपाय होतो, आणि एरवीही जुलाब होतात. आता ती आईसाठी वही ठेवते : झटक्याची तारीख, वेळ, आदल्या रात्रीची झोप, उपवास होता का, पाळीचे दिवस. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना रक्ताच्या अहवालाबरोबर ती वहीही न्यायची असे ठरले आहे.