तोडायच्या शेंगा, राखायच्या शेंगा



मे महिन्यात सकाळी सहाला आमच्या मरोळच्या इमारतीच्या गच्चीवर आलात, तर मी तुम्हाला चवळीच्या वेलांपाशी भेटेन. अर्धे कापलेले निळे ड्रम आणि तेलाचे रिकामे डबे एवढीच माझी बाग. उन्हाळ्यात शेंगा कशा तोडाव्यात हा आजचा पाठ. तो मला आरे कॉलनीतल्या एका पाड्यावरच्या मावशींनी शिकवला. पण पूर्ण शिकण्याआधी माझ्या हातून त्यांचे एक नुकसान झाले, तेही सांगितले पाहिजे.

गोरेगाव पूर्वेची आरे दुग्ध वसाहत १९५१ साली सुरू झाली. तिथले आदिवासी पाडे त्याच्या कितीतरी आधीचे. आजही वारली, कोकणा, मल्हार कोळी अशा समाजांचे २७ पाडे तिथे आहेत. घरामागे, कुडाला लागून भाजीपाल्याची जागा राखलेली असते. आमच्या मंडळीतर्फे शनिवारी मुलांचा अभ्यासवर्ग घ्यायला मी तिथे जाते. तीन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत मावशींनी माझ्या ओंजळीत मूठभर गावठी चवळीचे बी घातले आणि म्हणाल्या, “बाई, लाव. पण दोन मुठी परत आण.” मी हसून हो म्हटले.

उन्हाळ्यात काय येते?

मुंबईच्या उन्हाळ्यात वाटाणा लावू नये. त्याला थंडी हवी. पारा तिशीच्या वर गेला की त्याची फुले गळतात, शेंगा भरत नाहीत. पुरंदरच्या डोंगराळ गारव्यात पावसाळ्यातही येणारा वाटाणा आपल्या गच्चीवर एप्रिलमध्ये येणार नाही. गावठी वालाचेही तसेच. दिवस लहान झाल्याशिवाय त्याला फूल येत नाही. उन्हाळ्यात तो मांडवभर पसरतो आणि नुसता पाला देतो. ऊन सोसून शेंगा देणाऱ्या दोघी म्हणजे चवळी आणि गवार. फेब्रुवारीच्या मध्याला पेरल्या तर साधारण दीड ते दोन महिन्यांत पहिली तोडणी येते.

तोडणीचे नियम

१. सकाळी, ऊन चढण्याआधी तोडावे. तेव्हा शेंगेत पाणी असते आणि ती दुपारपर्यंत सुकत नाही.

२. एका हाताने देठ धरावा, दुसऱ्याने शेंग तोडावी. ओढली तर नाजूक वेल मुळापासून हलतो. चवळीच्या लांब दांड्याच्या टोकाला पुन्हा फुले येतात, म्हणून दांडा तोडू नये, फक्त शेंग काढावी.

३. शेंग कोवळी असतानाच काढावी. चवळीची शेंग वाकवली की कटकन मोडली पाहिजे, आणि आतले दाणे बाहेरून फुगलेले दिसू नयेत. गवार दोन दिवस उशिरा तोडली तरी शिरा धरते.

४. दर दोन-तीन दिवसांनी तोडावेच, भाजीपुरत्या नसल्या तरी. झाडाची सारी धडपड बी तयार करण्यासाठी असते. शेंगा वेलावर वाळू लागल्या की काम झाले असे समजून ते फुलणे थांबवते. तोडत राहिलात तर ते देत राहते.

हा चौथा नियम मला फार आवडला. त्या वर्षी मी एकही शेंग वेलावर राहू दिली नाही. जून उजाडेपर्यंत तोडणी चालली. शेजारी, मंडळीतल्या वृद्ध भगिनी, सगळ्यांना वाटली. आपण किती देतो आहोत याचे मला समाधान वाटत होते.

रिकामी बरणी

पुढच्या फेब्रुवारीत मावशींनी विचारले, “बाई, बी आणलंस?” पावसाळ्यात त्यांचे छप्पर गळले होते. बियांचा डबा भिजून आतल्या चवळीला बुरशी आली होती. माझ्याकडे एक दाणाही नव्हता. सगळे आम्ही खाल्ले होते.

लाजेने मी दुकानातून चवळीचे चांगले पाकीट विकत आणून दिले. मावशींनी ते घेतले, उलटून पाहिले आणि म्हणाल्या, “हीपण उगवंल. पण ही आमची नाही.” रागावल्या नाहीत. त्याचेच मला जास्त लागले.

मग कळले की त्यांनी चार घरी बी दिले होते. दोन घरी ते उगवलेच नव्हते. तिसरे माझे. चौथी बाई दुसऱ्या पाड्यावरची. तिच्याकडे शेंगांची एक जुडी चुलीवरच्या आढ्याला टांगलेली निघाली. त्यातूनच मावशींची चवळी परत आली. तेव्हा माझ्या लक्षात आले की मावशींनी मला भाजी दिली नव्हती, ठेव दिली होती. एका घरी पाणी शिरले तर दुसऱ्या घरी बी उरावे, एवढी साधी व्यवस्था होती ती. तिच्यातली एक बरणी मी होते, आणि ती रिकामी निघाली.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या, महादेव कोळी समाजाच्या राहीबाई पोपेरे यांनी वाल-घेवड्याचे आणि इतर पिकांचे गावठी वाण असेच घरात जपले, बायकांत वाटले. त्यासाठी २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आपल्या शेजारच्या पाड्यावर तेच काम कोणी नाव न घेता करत असते.

बी कसे राखावे?

मावशींनी पुन्हा मूठभर बी दिले. या वेळी मी आधी विचारले.

सर्वांत निरोगी दोन वेल सुरुवातीलाच निवडून त्यांना लाल दोरा बांधावा. त्यांची एकही शेंग खायची नाही. बाकीचे वेल नियमाने तोडायचे. शेवटी उरलेल्या किडक्या शेंगांचे बी ठेवू नये. जसे ठेवू तसेच पुढे येईल. शेंग वेलावरच वाळून हलवली की खुळखुळली पाहिजे. पाऊस येण्याआधी, मेअखेर, ती काढावी. दाणे सोलून सावलीत वाळवावेत आणि एक दाणा दाताखाली धरून पाहावा. दात रुतला तर अजून ओल आहे, टणक लागला तर तयार. चुलीची राख किंवा वाळलेला कडुलिंबाचा पाला घालून कोरड्या बरणीत घट्ट झाकावे, म्हणजे भुंगा सहसा लागत नाही. बरण्या दोन कराव्यात, आणि दुसरी दुसऱ्याच्या घरी ठेवावी.

हंगाम संपल्यावर वेल उपटू नये, जमिनीलगत कापावा. मुळांवरच्या गाठींनी हवेतला नत्र धरलेला असतो. तो पुढच्या भाजीसाठी मातीत राहू द्यावा.

पाठाचा विचार

लेवीय १९ व्या अध्यायात शेताच्या कडेचे पीक कापू नये, सरवा वेचू नये, ते गरिबांसाठी आणि परक्यांसाठी सोडावे असे सांगितले आहे. त्याच सरव्यावर रूथ जगली. मी हा पाठ नेहमी देणाऱ्याच्या जागी उभी राहून वाचत असे. चवळीनंतर मला कळले की वेचणारी मीच होते, शेत मावशींचे होते.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात मी दोन मुठी बी पाड्यावर नेले. मावशींनी ते सुपात पसरले, तीन दाणे वेचून बाजूला काढले, आणि बाकीचे डब्यात ओतले. मग त्यातलेच मूठभर परत माझ्या ओंजळीत घातले. “दोन मुठी,” म्हणाल्या.

घरी बोलण्यासाठी प्रश्न

१. ज्यांना आपण मदत करतो, त्यांनी आपल्याकडे काय विश्वासाने ठेवले आहे?

२. यंदा आपल्या बागेतल्या कोणत्या वेलाला लाल दोरा बांधाल?

३. दुसरी बरणी कोणाच्या घरी ठेवाल?