काळोखातला मांडव उजळताना

अगं, लग्नाच्या कॅसेटवरून करून घेतलेला व्हिडिओ काळाकुट्ट दिसतोय म्हणून लगेच फाइलच्या मागे लागू नकोस. आधी प्लेअरला सांगून बघ. तू एमपीव्ही वापरतेस ना, मग अर्धं काम झालंच म्हणून समज. टर्मिनलला बिचकू नकोस, तिथे जे सांगशील तेवढंच तो ऐकतो.

पहिली गोष्ट, ब्राइटनेसला हात लावायची घाई नको. आपण सगळ्या तिथेच धावतो. ब्राइटनेस सरसकट सगळंच वर उचलतो, त्यामुळे काळे केस करडे होतात आणि मांडवाचा अंधार धुरकट दिसू लागतो. खरं काम गॅमाचं. काळं काळंच राहतं, पांढरं पांढरंच, फक्त मधल्या सावल्या उघडतात. आजीचा चेहरा दिसेल आणि तिच्या नऊवारीचा काठही दिसेल. कमांड अशी: एमपीव्ही, मग एक जागा सोडून दोन डॅश, त्यांना चिकटून गॅमा, बरोबरचं चिन्ह, १५, आणि शेवटी फाइलचं नाव. ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट, सॅच्युरेशन, ह्यू हे सगळे याच चालीने. आकडा उणे १०० ते १०० पर्यंत, आणि ० म्हणजे जसं आहे तसं. सॅच्युरेशन उणे १०० केलंस की चित्र कृष्णधवल.

पण १५ हा आकडा काही वेदवाक्य नाही, तो तुझा तूच शोधायचा. व्हिडिओ चालू असताना १ आणि २ या कळांनी कॉन्ट्रास्ट, ३-४ ने ब्राइटनेस, ५-६ ने गॅमा आणि ७-८ ने सॅच्युरेशन कमी-जास्त होतं. पडद्यावर आकडा उमटतो, तो कागदावर टिपून ठेव. एकाच प्रसंगावर ठरवू नकोस हं. अंतरपाटाच्या वेळी कॅमेऱ्याचा दिवा चेहऱ्यावर असतो आणि पंगतीत तो नसतो. दोन्ही ठिकाणी बघ आणि मधला आकडा धर. आणि हललेल्या माणसांभोवती कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसल्या, तर तो उजेडाचा दोष नव्हे. जुन्या टीव्हीचं चित्र एकाआड एक ओळींनी रंगायचं, त्याची ती खूण. इंग्रजी डी दाब.

हे आकडे एमपीव्हीच्या मुख्य कॉन्फिग फाइलमध्ये सरळ टाकलेस, तर उद्या लावलेला प्रत्येक सिनेमा फिकट दिसेल. त्याच फाइलमध्ये चौकोनी कंसात ‘लग्न’ असं नाव देऊन, त्याखाली आकडे लिही. मग कमांडमध्ये डॅश-डॅश प्रोफाइल बरोबर लग्न म्हटलंस की तेवढ्यापुरतेच लागू होतील. मोठा क्यू दाबून बाहेर पडलीस तर तो पुढच्या वेळेसाठी थांबलेली जागा आणि हे आकडेही लक्षात ठेवतो, पण पुन्हा लावलंस की ती नोंद पुसली जाते. त्यावर विसंबू नकोस.

व्हीएलसीवाल्या बहिणीला हेच आकडे जसेच्या तसे देऊ नकोस, बाई. तिकडे ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्टचा हिशेब ० ते २ चा, आणि त्यांना व गॅमालाही जैसे थे म्हणजे १. ब्राइटनेस ० लिहिलास तर पडदा काळा!

आणि एक. हे सगळं फक्त तुझ्या पडद्यावर. मावशीला फाइल पाठवलीस, तर तिच्या फोनवर मांडवात पुन्हा अंधारच. तिच्यासाठी एफएफएमपेग या प्रोग्रॅमने उजळलेली वेगळी प्रत काढ, त्यातल्या ‘ईक्यू’ फिल्टरमध्ये गॅमा आहेच, फक्त तिथेही जैसे थे म्हणजे १. आणि नव्या प्रतीला नाव वेगळं दे, मूळ फाइलवर लिहू नकोस.